दोन्हीकडचा पाहुणा

परभणीत आमच्या कॉलनीच्या तोंडाशी एक किराणा दुकान आहे. तिथला दुकानदार सध्या माझ्यावर चिडून आहे आणि त्याचं काही चुकत नाही. मी साखर आणायला जातो आणि मसाल्याच्या फळीपाशी उभा राहून पुडे उलटे करून ठेवतो. सगळे नाही, फक्त एका कंपनीच्या येसराचे. परवा तो म्हणाला, "सर, तुमी गेलात की मला पुन्ना सगळे सरळ करावं लागतंय. गिऱ्हाइकाला नाव दिसाय नको का?" मी म्हटलं, दिसू नये म्हणूनच करतोय. त्यानं साखर बांधायला घेतली.

त्या पुड्यावर माझ्या थोरल्या बहिणीचा फोटो आहे. डोक्यावर पदर, कपाळाला ठसठशीत कुंकू आणि फोटोवाल्यानं चारदा सांगितल्यावर ओढूनताणून आणलेलं हसू. खाली ठळक अक्षरांत लिहिलंय, 'आक्काचं येसर'. आत जे काही भरलंय त्याचा आक्काशी काडीचा संबंध नाही. तो फोटो तिथून उतरवण्यात आमची अडीच वर्षं गेली, आणि तो अजून दुकानात आहे तो का, हे सांगायला बसलो तर माझाच मूर्खपणा आधी सांगावा लागतो. तो सांगतो.

येसर म्हणजे काय हे मराठवाड्याबाहेरच्या माणसाला समजावावं लागतं. गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे, जिरे, खोबरं, सुंठ, दगडफूल, असं बरंच काही भाजून दळलेलं पीठ. त्याची आमटी लग्नाकार्यात असते. आमटी सगळेच करतात, पण येसर जमणारे हात गावात एखाददुसरेच. ताडकळसला तो हात आमच्या आक्काचा. ती प्रत्येक जिन्नस वेगळा भाजते. डाळ वेगळी, धणे वेगळे, आणि खोबऱ्याच्या वेळी तर कढईजवळ कुणी बोललेलंही तिला चालत नाही. दळून आलं की तळहातावर चिमूटभर घेऊन अंगठ्यानं चोळते, वास घेते. बरं असेल तर काहीच बोलत नाही. बिघडलं असेल तर "ह्ये येसर न्हाई" म्हणते आणि म्हशीच्या आंबोणात घालते. लगीनघरं तिच्याकडे महिना-महिना आधी सांगावा धाडायची. त्याबद्दल ती काही घेत नसे. लग्नात पंगतीतून कुणी विचारायचं, "येसर कुनाचं?" आणि वाढणारा म्हणायचा, "आक्काचं." एवढंच तिला हवं असायचं.

अशाच एका पंगतीत शेजारच्या जिल्ह्यातला एक मसाल्याच्या कंपनीचा मालक जेवला आणि आठ दिवसांनी आक्काच्या दारात गाडी घेऊन हजर झाला. माणूस गोड होता. त्यानं आक्काच्या पाया पडून सांगितलं की तुमच्या हाताची चव घरोघरी जायला पाहिजे. तुमचं नाव, तुमचा फोटो, तुमची कृती आम्हाला वापरायला द्या, रीतसर करार करू. आक्काचे यजमान वारून बरीच वर्षं झालेली, मुलगा नाही, आणि वाचून बघायचं म्हटलं की आमच्या घरात एकच शहाणा. मी. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालो आहे.

करार इंग्रजीत होता आणि चांगला जाडजूड होता. मी तो आक्काच्या ओसरीवर बसून दोन दुपारी वाचला, मोठ्यानं, मधूनमधून मराठीत अर्थ सांगत. खरं सांगतो, मला फार मजा येत होती. इतक्या वर्षांत इंग्रजीचा असा उपयोग कधी झाला नव्हता. शेजारच्या बाया दाराशी येऊन ऐकत होत्या आणि मी एकेका कलमावर वर्गात थांबावं तसा थांबत होतो.

त्यातली चार कलमं मला आता तोंडपाठ आहेत. पहिलं, पाच वर्षं कंपनीनं आक्काचं नाव आणि फोटो वापरायचा, पण माल आक्काच्या कृतीबरहुकूमच हवा. दुसरं, माल तसा आहे की नाही हे दर खेपेला एक तपासनीस बघेल. तो दोन्ही बाजूंना मान्य असावा, निःपक्षपाती असावा, आणि त्याचा दाखला अखेरचा मानला जाईल. तिसरं, तपासनिसाचा कंपनीच्या धंद्यात काही हितसंबंध असेल तर त्यानं तसं कळवावं. कुणाला? तर कंपनीला. आणि नाही कळवलं तर काय? त्याबद्दल कागद गप्प होता. चौथं, या पाच वर्षांत आक्कानं स्वतःच्या घरची चूल सोडून दुसऱ्या कुणासाठी, कुठल्या कार्यासाठी, मोबदला घेऊन किंवा न घेता येसर करायचं नाही. करावंसं वाटलंच तर कंपनीची लेखी परवानगी लागेल.

या चौथ्या कलमापाशी आक्का म्हणाली, "म्हंजी लगीनघरच्यांना न्हाई म्हनायचं का?"

मी म्हटलं, "अगं, ही कलमं लिहायची म्हणून लिहितात. तुला कोण परवानगी नाकारतंय?"

तीस वर्षं पोरांना शब्दांचे अर्थ सांगितलेल्या माणसानं हे वाक्य उच्चारलं.

पण खरा घोळ दुसऱ्या कलमात झाला, आणि तोही माझ्याच हातून. आमच्याकडे सोयरीक जुळवताना मधला माणूस कसा असावा याचा पक्का ठोकताळा आहे. तो तिऱ्हाईत नको. तिऱ्हाइताला काय, तो आज आहे उद्या नाही. मधला माणूस दोन्हीकडचा पाहुणा असावा. मुलाकडच्यांचा भाचा आणि मुलीकडच्यांचा व्याही, असा कुणी सापडला की दोन्ही घरं निर्धास्त. कारण त्यानं थाप मारली तर पुढच्या प्रत्येक बारशाला आणि तेराव्याला त्याला दोन्ही घरांची तोंडं बघावी लागतात. आमच्या भागातली निम्मी लग्नं अशा माणसांच्या भरवशावर झाली आहेत आणि बरी चालली आहेत.

तर तपासनीस कोण नेमायचा असा प्रश्न आला तेव्हा माझ्या डोक्यात हाच ठोकताळा होता. आक्काचा एक चुलत दीर आहे. आक्का त्याला भावजी म्हणते. चौकशी करताना कळलं की तो कंपनीच्या मालकाचा सख्खा साडू आहे, दोघांच्या बायका बहिणी. मला तर हर्षच झाला. दोन्हीकडचा! मीच त्याचं नाव सुचवलं. मालकानं क्षणभरही विचार न करता "तुमी म्हनाल तसं" म्हटलं, तेव्हा तरी मला शंका यायला हवी होती. आली नाही. उलट मी घरी येऊन बायकोला सांगितलं की माणूस किती सरळ आहे बघ, आपल्या माणसाला लगेच मान्यता दिली.

लग्नात ही पद्धत चालते, कारण लग्नात मधल्या माणसावर शंभर लोकांचा डोळा असतो. या व्यवहारात भावजी गोदामात एकटा जाणार, एकटाच चव घेणार आणि एकटाच सही करणार होता. हा फरक मला तेव्हा का कळला नाही, याचा विचार करून मी स्वतःवर इतका वैतागलोय की बायको आता हा विषय काढूच देत नाही.

पहिलं वर्ष बरं गेलं. पुडा आला, आक्कानं तळहातावर चोळून बघितला आणि काही बोलली नाही, म्हणजे पास. पैसे ठरल्याप्रमाणे येत होते आणि शेवटपर्यंत येत राहिले. तक्रार त्याची कधीच नव्हती. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला तिनं पुडा फोडला, चोळला, वास घेतला, पुन्हा घेतला.

"सगळं संगट भाजलंय," ती म्हणाली. "आन् मक्याचं पीठ हाय ह्याच्यात."

मी भावजीला फोन केला. तो म्हणाला, "सर, मी स्वतः बघितलंय. एकदम ओके माल हाय. वहिनीला सर्दी असंल."

पुढच्या पुड्याला तोच प्रकार. मी कंपनीला पत्र लिहिलं. अतिशय नम्र उत्तर आलं की तपासनिसाचे सर्व दाखले व्यवस्थित आहेत, प्रती सोबत जोडल्या आहेत. प्रत्येक प्रतीवर तीच ओळ: चव व वास मूळ कृतीप्रमाणे. खाली भावजीची लपेटदार सही.

मग एकदा पिंगळीला एका जुन्या सहकाऱ्याला भेटायला गेलो होतो. येताना रस्त्याच्या कडेला नवं पत्र्याचं शेड दिसलं आणि नाकात ओळखीचा वास आला, पण करपट. आत एक मोठा फिरता ढोल होता आणि त्यात डाळ, धणे, खोबरं, सगळं एकदमच गरगरत होतं. ढोलापाशी खुर्ची टाकून भावजी बसला होता. मला बघून दचकला वगैरे काही नाही. उलट आनंदानं उठला, चहा सांगितला.

"पाव्हणे, हे काय?" मी विचारलं.

"भाजायचं आन् दळायचं काम कंपनीनं आपल्यालाच दिलंय न," तो म्हणाला. "साडूच म्हनला, दुसऱ्याला कशाला द्यायचं."

"अहो, पण तपासायचं काम तुमच्याकडे आहे."

"मंग? लय सोयीचं झालं. पयलं गोदामाला जायाचं म्हनलं की आख्खा दिवस मोडायचा. आता हितंच भाजायचं, हितंच तपासायचं."

तो विनोद करत नव्हता. करारात लिहिलंय की हितसंबंध असेल तर कळवायला पाहिजे, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "कळवलंय की. साडूलाच तर म्हाईत हाय सगळं." आणि बरोबरच होतं त्याचं. कलमात कंपनीलाच कळवायचं होतं. कंपनीला माहीत होतं. नियम पाळला गेला होता.

घरी येऊन मी करार पुन्हा काढला. तो हातात धरून मी त्या दिवशी किती शिव्या घातल्या ते लिहिण्यासारखं नाही.

मी आक्काला सगळं सांगितलं तेव्हा मला वाटलं ती भावजीवर भडकेल. ती भडकली नाही. "त्येला काय कळतंय," म्हणाली. "तंबाखू खाऊ खाऊ जीभ मेलीय त्येची. म्या वाढलेलं मिठाचं हाय का आळनी हाय, ह्येबी त्यानं कदी सांगितलं न्हाई. साधा मानूस हाय. साडूनं बसवलंय तितं, बसलाय." ती हे मनापासून म्हणत होती. यजमान वारले तेव्हा पेरणीला उभा राहिला होता तो हाच दीर, हे ती विसरली नव्हती. मीही म्हटलं, असेल. जिभेत खोट आहे, नियतीत नाही, असं आम्ही दोघं धरून चाललो.

इतके दिवस हा प्रकार घरातल्या घरात होता. राणीसावरगावच्या लग्नात तो चव्हाट्यावर आला. लांबच्या नात्यातलं लग्न. आक्कानं येसर करून दिलं नव्हतं, कलम होतं ना. लगीनघरच्यांनी भक्तीनं तिचेच पुडे आणले होते. आमटी वाढली गेली आणि पंगत जरा गप्प झाली. मग समोरच्या ओळीतली एक बाई, आक्काकडे नव्हे, ताटाकडे बघत म्हणाली, "पुड्यावर तर फोटू ह्यांचाच हाय." दुसरी म्हणाली, "आता कंपनीवाल्या झाल्या न त्या. हात कशाला लावतील?" आक्कानं खालमानेनं ती आमटी संपवली. वाटी चाटूनपुसून रिकामी केली आणि उठली. येताना जीपमध्ये ती एकच वाक्य बोलली, "माजा फोटू काड त्याच्यावरून. येसर त्यांना काय करायचं ते करू दे."

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. आक्का काही मागणारी बाई नाही. तिनं आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही बहुधा पहिली गोष्ट होती, आणि ती मिळवण्याची वाट मीच दोन दुपारी मोठ्यानं वाचून बंद करून ठेवली होती.

मी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे गेलो. ती आता परभणीत वकिली करते. तिनं करार वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "सर, हे सही करायच्या आधी कुणाला दाखवलं होतं?"

"मीच वाचलं होतं."

"बरं," ती म्हणाली. शिष्य म्हणून तिनं यापुढे काही म्हटलं नाही. मग समजावलं. फोटो काढायचा तर करार मोडावा लागेल. करार मोडायला माल कृतीप्रमाणे नाही हे सिद्ध करावं लागेल. ते सिद्ध होणार तपासनिसाच्या दाखल्यानं, आणि दाखला अखेरचा. वाद झाला तर लवादाकडे जायचं, आणि लवाद नेमायचा अधिकार कंपनीचा. "म्हणजे भावजींनी भावजींच्या विरुद्ध लिहून दिलं तर आपलं काम होईल," ती म्हणाली.

दुसरीकडेही जाऊन आलो. खाण्याच्या भेसळीची तक्रार घेतात त्या कचेरीत साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मक्याचं पीठ विष नाही, ते पुड्यावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं आहे, आणि चव बिघडवणं हा गुन्हा नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यांचंही बरोबर होतं. या सगळ्या प्रकरणात ज्याला भेटावं तो आपापल्या जागी बरोबरच निघायचा. कंपनीच्या तक्रारीच्या नंबरवर मी इतक्या वेळा बोललो की तिथली मुलगी माझा आवाज ओळखायला लागली. "सर, तुमची तक्रार तपासनीस साहेबांकडे पाठवली आहे," ती दर वेळी सांगायची. आणि दोन दिवसांनी पिंगळीहून भावजीचा फोन यायचा, "सर, तुमची तक्रार आलीय माझ्याकडं. काय करू हिचं?"

मग आक्काच्या शेजारच्या पोरीचं लग्न ठरलं. ही पोर आक्काच्याच ओसरीवर वाढलेली. तिची आई येसराचं काही बोलली नाही, पण पुडे आणून ठेवलेले आक्काला दिसले. दुसऱ्या दिवशी आक्कानं कढई चुलीवर चढवली. मला फोनवर नुसतं कळवलं, "लेकराच्या लग्नात त्ये म्या खाऊ घालनार न्हाई." मीही अडवलं नाही. परवानगीचा अर्ज करू का असं विचारलं. ती म्हणाली, "भावजीकडंच जाईल न अर्ज?"

त्या लग्नाला मी होतो. आमटी आली आणि पंगतीत ती जुनी कुजबूज सुरू झाली, बायका एकमेकींकडे बघून माना हलवायला लागल्या. आक्का खांबाला टेकून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर मी दोन वर्षांत पहिल्यांदा सुख बघितलं. भावजीही पंगतीत होता. त्यानं तीनदा वाटी पुढे केली. तिसऱ्या वेळी आक्कानं स्वतः उठून वाढलं.

दहा-बारा दिवसांत नोटीस आली. जी कंपनी दोन वर्षं माझ्या पत्रांना महिन्याभरानं उत्तर द्यायची, तिनं दहा दिवसांत वकील लावून रजिस्टर पोस्टानं ताडकळसला नोटीस पाठवली होती. चौथं कलम मोडल्याबद्दल. दोन्ही बाजूंची कलमं एकाच कागदावर, एकाच अक्षरात छापलेली, पण आमची झोपलेली आणि त्यांची खडखडीत जागी. मी रागारागानं वाचत होतो आणि आक्का समोर शेंगा फोडत बसली होती.

नोटिशीला एक जबाब जोडलेला होता. पंगतीत वाढलेलं येसर पुड्यातलं नव्हतं, आक्कानंच केलेलं होतं, हे कंपनीला दाखवायचं होतं. नाहीतर आम्ही पुड्यातलंच होतं म्हणून मोकळे झालो असतो. तर त्या पंगतीत जेवलेल्या, चव ओळखणाऱ्या माणसाचा जबाब. मराठीतच होता. मी वाचला, "मी स्वतः तीन वाट्या आमटी घेऊन खात्री केली. सदरचे येसर हे वहिनींच्या हातचेच आहे. कंपनीच्या मालाची चव व वास यापेक्षा पूर्णपणे वेगळा असून, पहिल्या घासालाच फरक कळतो." खाली तीच लपेटदार सही.

आक्काचे हात थांबले. "पुन्ना वाच," ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं.

"म्हंजी त्येला कळत व्हतं," ती म्हणाली. मग शेंगांची पाटी बाजूला सारून उठली आणि आत गेली. मी बाहेर बसून राहिलो. बऱ्याच वेळानं आली तेव्हा डोळे लाल होते. भावजीबद्दल त्या दिवशी किंवा नंतर तिनं एक अक्षर काढलं नाही.

वकीलबाईंना मात्र तो जबाब वाचून हसू आवरेना. दोन वर्षांचे दाखले एकीकडे आणि हे एक वाक्य दुसरीकडे. त्यांनी सणसणीत उत्तर लिहिलं. कंपनी बोलणी करायला आली, पुन्हा पाया पडणं वगैरे. मालक म्हणाला, फोटो आणि नाव काढतो, नोटीस मागे घेतो. मात्र उरलेली मुदत येसर न करण्याचं कलम कायम राहील; बाजारात नवं नाव घेऊन उतरायचंय, त्यात आक्काची चव लग्नांतून फिरली तर पंचाईत. वकीलबाई म्हणाल्या, लढू, हे कलमही उडवून लावू, पण वेळ लागेल, आणि तोवर फोटो तिथंच राहील.

आक्का म्हणाली, "फोटू आदी काडा." आणि सही केली. तिला सही करायला वेळ लागतो. एकेक अक्षर ती जपून काढते. मालक घड्याळ बघत होता.

तीन महिन्यांत जुने पुडे बाजारातून उचलायचं ठरलं होतं. सात महिने झाले. आमच्या कॉलनीच्या दुकानात अजून येतात. फोन केला की जुना साठा आहे म्हणतात. उचलला नाही तर काय, याबद्दल नवा कागदही गप्प आहे. या खेपेला मी नव्हे, वकीलबाईंनी वाचला होता, तरी.

आणि आता माझ्या मुलीचं लग्न ठरलंय. येत्या हंगामात. मी मागच्या आठवड्यात ताडकळसला जाऊन आलो. आक्कानं भाचीसाठी साडी आधीच घेऊन ठेवली होती, ती दाखवली. मग मी मूळ मुद्द्यावर आलो.

"येसर तुझ्याच हातचं पाहिजे," मी म्हटलं.

"सही केलीय म्या."

"अगं, सख्ख्या भाचीच्या लग्नाला? त्यांनी एक तरी अट पाळली का आजवर? पुडे अजून दुकानात आहेत. आपणच कशाला पाळत बसायचं?"

"त्यांचं त्यांच्यापाशी."

मी हट्टाला पेटलो. थोडंच कर, मी म्हटलं. परभणीला आणून देऊ नकोस, मीच येऊन घेऊन जाईन. आचाऱ्यालासुद्धा सांगणार नाही. भावजीला आमंत्रणच द्यायचं नाही. "कुणाला कळणार आहे? कोण बघतंय, आक्का?"

तिनं साडीची घडी घालता घालता मान वर केली. रागावली नव्हती. माझ्याकडे अशी बघत होती की मला ओसरीवरून उठून जावंसं वाटलं.

"पिंगळीला पयल्या दिशी सही करताना भावजीबी ह्येच म्हनले आस्तील," ती म्हणाली. "कोण बघायलंय."

परत आल्यावर आचाऱ्याला फोन करून साधं वरण सांगून टाकलं.